भरती झाली, पण धाव संपली नाही



मागल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. वहीचे पान फाडून लिहिलेले, पण अक्षर नीटस. मजकूर थोडक्यात असा : “आमचा थोरला अग्निवीर म्हणून सैन्यात निवडला गेला. गावाने सत्कार केला, फेटा बांधला. आता अडीच महिन्यांनी ट्रेनिंगला जायचे आहे. भरतीच्या आधी वर्षभर पहाटे चारला उठून पळत होता. आता आठ वाजले तरी अंथरूण सोडत नाही. त्याचे वडील म्हणतात, उद्यापासून रोज दहा किलोमीटर पळ, नाहीतर तिथे उस्ताद रडवतील. मी म्हणते, लेकरू वर्षभर राबले, आता चार दिवस खाऊ द्या, झोपू द्या. यावरून घरात रोज बोलाचाली होते. तुम्ही फौजेत होता. आमच्या दोघांत खरे कोणाचे?”

ताई, खरे सांगायचे तर दोघांचेही अर्धे अर्धे खरे आहे, आणि दोघांचेही अर्धे चूक आहे. पोराने अडीच महिने लोळून काढले तर तो पस्तावेल. उद्यापासून रोज दहा किलोमीटर पळाला तर कदाचित त्याहून जास्त पस्तावेल. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्याच घरात घडलेली गोष्ट आहे आणि त्यात चूक माझी होती. ती पुढे सांगतो. आधी या दोन धावांमधला फरक समजून घ्या.

सोळाशेची धाव आणि ट्रेनिंगची धाव

भरतीच्या मैदानावर मुलाला सोळाशे मीटर पळावे लागते. साडेपाच मिनिटांच्या आत आला तर पूर्ण ६० गुण. चारशे मीटरच्या मैदानाच्या चार फेऱ्या, म्हणजे एक फेरी साधारण ८२ सेकंदांत. ही धाव अवघड आहे, यात शंका नाही. पण ती एका दिवसाची आहे. साडेपाच मिनिटे दात-ओठ खाऊन पळाले की झाले.

ट्रेनिंग सेंटरात तसे नसते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा मुलगा बेळगावला जाईल, तोफखान्याचा नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचा खडकीला, महार रेजिमेंटचा मध्य प्रदेशात सागरला. गाव कोणतेही असो, पहाटेची पीटी असते, मग परेड मैदानावर जड बूट घालून कवायत असते, आणि एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायचे तेही दौडतच. रंगरूट सेंटरात रमतगमत चालताना सहसा दिसत नाही. पुढे पुढे अंगावर साहित्य आणि हातात रायफल घेऊन पाच किलोमीटरची धाव असते. हे एक दिवस नव्हे, महिनोन्‌महिने.

म्हणून तिथे पोरांचा दम फारसा कमी पडत नाही. कमी पडतात ते पाय. नडगी, घोटा, टाच आणि गुडघा.

आमच्या घरची गोष्ट

२०२३ सालची गोष्ट. माझा पुतण्या भरतीला उतरला आणि सोळाशे मीटर पाच मिनिटे वीस सेकंदांत आला. आमच्या घराण्यात माझ्यानंतर फौजेत जाणारा तोच. मला झालेला आनंद काय सांगू! मग सत्कार झाले, पाहुण्यांकडे जेवणे झाली, लग्नसराईत मोटारसायकलवर गावोगाव फिरणे झाले. दीड-दोन महिने त्याने पायात बूट घातला नाही. मीही लक्ष दिले नाही.

जायला तीन आठवडे उरले तेव्हा मला जाग आली. मी म्हटले, “उद्यापासून रोज आठ किलोमीटर, डांबरी सडकेवर. आणि पाठीवर दहा किलो वाळूची पिशवी.” मी मागून सायकलवर. पोर आज्ञाधारक. कधी उलट बोलला नाही. आठव्या-नवव्या दिवशी म्हणाला, “तात्या, उजवी नडगी आतल्या अंगाने ठणकते.” मी म्हणालो, “फौजी माणसाला दुखत नसते. हळद-तेल लाव, शेक दे आणि पळ.”

तो पळाला. तसाच सेंटरात गेला. दुखते हे तिथेही कोणाला सांगितले नाही, कारण मीच तसे शिकवले होते. चौथ्या आठवड्यात परेडवर पाय टेकवेना. दवाखान्यात निदान झाले, नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर. दोन महिने धावणे बंद. त्याच्याबरोबर गेलेली पोरे पुढे निघून गेली, आणि त्याला नंतरच्या तुकडीत टाकले. फोनवर एवढेच म्हणाला, “तात्या, माझी तुकडी पुढे गेली.” मला त्याने दोष दिला नाही. पण त्या रात्री माझ्या घशाखाली भाकरी उतरली नाही.

हाड दमापेक्षा सावकाश तयार होते

नंतर मी डॉक्टरांना विचारले, सैन्यातल्या जुन्या पीटी उस्तादांना विचारले. त्यांनी सांगितले ते तुम्हाला शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो.

पळताना प्रत्येक पावलाला पायावर अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. नियमाने पळायला लागले की छातीचा दम काही आठवड्यांत वाढतो. मांडीचे, पोटरीचे स्नायूही लवकर धरतात. पण हाड सावकाश तयार होते. नवा भार आला की शरीर आधी हाडातला जुना, झिजलेला भाग काढून टाकते आणि मग तिथे नवा भरते. बांध दुरुस्त करताना आपण आधी भुसभुशीत माती उकरून काढतो आणि मग नवी घालून चोपतो, तसेच हे. उकरलेल्या बांधावर त्याच आठवड्यात मोठा पाऊस झाला तर काय होते? बांध फुटतो. हाडाचेही तेच. पळायला सुरुवात केल्यापासूनचे पहिले काही आठवडे हाड थोडे नाजूक असते, आणि नेमक्या त्याच वेळी पोराला वाटत असते की आता आपला दम वाढला, आता दुप्पट पळू.

तुम्ही खोंड औताला कसा लावता? पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. आधी नुसते जू मानेवर देऊन फिरवता, मग हलके काम, मग कुळव, आणि शेवटी नांगर. खोंडाला जी समज दाखवता ती पोटच्या पोराला दाखवायला काय हरकत आहे?

दहा आठवड्यांचा हिशेब

ताई, तुमच्या मुलाकडे अडीच महिने, म्हणजे दहा-अकरा आठवडे आहेत. हा वेळ पुरेसा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.

पहिले तीन आठवडे : आठवड्यातून चार दिवस, शक्यतो एक दिवसाआड. आधी पाच मिनिटे झपाझप चालावे. मग पंचवीस ते तीस मिनिटे सावकाश पळावे. महिनाभर पळणे सुटले असेल तर दोन मिनिटे पळावे, एक मिनिट चालावे. सावकाश म्हणजे किती? शेजारी पळणाऱ्या मित्राशी पुरे वाक्य बोलता आले पाहिजे. मध्येच धाप लागून शब्द तुटला तर वेग जास्त झाला. पोरांना याची लाज वाटते. “हे काय म्हाताऱ्यासारखे पळणे?” म्हणतात. म्हणू द्यावे. दमाची खरी पुंजी याच पळण्याने साठते.

चौथा ते सातवा आठवडा : आता न थांबता तीस ते चाळीस मिनिटे. वाढ मात्र बेताने. या आठवड्यात एकूण दहा किलोमीटर झाले असतील तर पुढच्या आठवड्यात अकरा, पंधरा नव्हे. दर चौथ्या आठवड्याला पळणे तिसऱ्या हिश्श्याने कमी करावे, म्हणजे शरीराला भरून काढायला सवड मिळते. याच काळात आठवड्यातून एक दिवस वेगाचा ठेवावा. अंग चांगले तापवून चारशे मीटर नव्वद सेकंदांच्या आसपास पळावे, मग दोन-तीन मिनिटे चालावे, आणि असे चार वेळा करावे. हळूहळू सहापर्यंत न्यावे. वेगाचा दिवस आठवड्यात एकच.

आठवा ते दहावा आठवडा : एक दिवस पाच किलोमीटर न थांबता, एक दिवस वेगाचा, एक-दोन दिवस सावकाश. आणि एक दिवस पाठीवर पाच-सहा किलो ओझे घेऊन टेकडी किंवा माळ चढून यावा. पण ओझे घेऊन चालावे, पळू नये. ओझ्याची धाव सेंटरात उस्ताद शिकवतील, त्यांच्या क्रमाने. ती घरी शिकवायला जाऊ नये. मी गेलो होतो.

जाण्याआधीचा शेवटचा आठवडा : सगळे निम्म्यावर आणावे. पोर ताज्या पायांनी गाडीत बसले पाहिजे.

कोणाच्या मुलाकडे दोन-तीनच आठवडे उरले असतील, तर त्याने गेलेले दिवस भरून काढायच्या मागे लागू नये. आठवड्यातून तीन-चार वेळा अर्धा तास सावकाश पळावे, एवढेच. थोडा कमी दम घेऊन गेलेल्या मुलाला उस्ताद तयार करतात. चिरलेल्या हाडावर उस्तादाचाही इलाज चालत नाही.

यासोबत आठवड्यातून दोन दिवस जोर, बैठका, झाडाच्या फांदीला धरून वर उचलणे, आणि उंबऱ्यावर उभे राहून टाचा वर-खाली करणे. पोटऱ्या पक्क्या झाल्या की नडगीवरचा भार कमी होतो.

वडिलांनी पाहायच्या गोष्टी

शेतातले कामही कसरतच आहे, हे विसरू नये. पोराने दिवसभर उसाच्या मोळ्या वाहिल्या किंवा सोयाबीन काढले, तर त्या संध्याकाळी त्याला वेगाने पळायला लावू नये. एका बैलाकडून दोन औते ओढून घेण्याचा तो प्रकार होतो.

जागा नीट निवडावी. कच्ची गाडीवाट, शाळेचे मैदान, कालव्याचा भराव, ही चांगली ठिकाणे. नांगरटीत पळू नये, घोटा मुरगळतो. सगळेच पळणे डांबरीवर करू नये. आणि हमरस्त्यावर तर अंधारात मुळीच नको. ट्रकवाल्याला पहाटे काळ्या कपड्यातले पोर दिसत नाही. दुसरा रस्ताच नसेल तर पांढरा सदरा घालावा आणि समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने पळावे. कानात गाणी लावू नयेत.

बुटांत काटकसर नको. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असा, टाचेत न हलणारा पळायचा बूट घ्यावा. नवे बूट आठवडाभर चालून मऊ करावेत. कातडी बूट घालून पळण्याचा सराव घरी करू नये.

आईने पाहायच्या गोष्टी

ताई, “खाऊ द्या, झोपू द्या” हे तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. फक्त “चार दिवस” नव्हे, रोज.

डब्यातल्या पावडरीची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, मोड आलेली उसळ, दूध, ताक, शेंगदाणे, तीळ, पालेभाजी, आणि खाणाऱ्या घरात अंडी, एवढे पोटभर मिळाले तरी पुष्कळ. हाडांसाठी नाचणी फार चांगली. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. रिकाम्या पोटी लांब पळायला पाठवू नये. केळे किंवा गूळ-शेंगदाणे देऊन पाठवावे.

झोप सात-आठ तास. इस्रायलच्या सैन्याने रंगरुटांच्या हाडांना चिरा का पडतात याचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. रोज किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण चालणे कमी केले, तेव्हा हे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पहाटे पळायचे म्हणून पोर उठते, पण रात्री बारापर्यंत मोबाइल पाहत असेल तर त्या पळण्याचा उपयोग अर्धाच.

तंबाखू-गुटखा असेल तर तो आजच सुटला पाहिजे. आणि वेग वाढवण्याची किंवा वेदना मारण्याची इंजेक्शने विकणारी माणसे भरतीच्या पोरांभोवती घुटमळत असतात. त्यांना उंबरा चढू देऊ नका.

मुलींसाठीही हेच नियम आहेत. सैन्याच्या मिलिटरी पोलिसांत मुली अग्निवीर म्हणून जातात, आणि त्यांनाही सोळाशे मीटर धावावे लागते. मुलीचे रक्त एकदा तपासून घ्यावे. पळणे वाढले आणि पाळी थांबली, तर ती मेहनतीची खूण समजू नये. पोटात अन्न कमी जात असल्याची ती सूचना असू शकते आणि त्याने हाडे कमकुवत होतात. लाज न धरता डॉक्टरांना दाखवावे.

दुखणे ओळखावे कसे?

पळायला लागल्यावर मांड्या-पोटऱ्या भरून येतात, चालताना जड वाटतात, दोन-तीन दिवसांत उतरतात. त्याची चिंता नको. पण तीन खुणा लक्षात ठेवा. हाडावर बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखते. त्या एका पायावर उडी मारली की कळ येते. आणि पळणे थांबवल्यावरही, रात्री पडल्या पडल्याही ठणकते. यांतली एक जरी खूण दिसली तरी त्या दिवशीच पळणे थांबवावे आणि हाडाच्या डॉक्टरांकडे जावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये चीर पुष्कळदा दिसत नाही. फोटो साफ आला म्हणून पुन्हा पळू नये. दुखत असेल तर दुखण्यावर विश्वास ठेवावा. आठ दिवसांची विश्रांती आज घेतली तर पुढचे दोन महिने वाचतात. सेंटरात गेल्यावरही दुखणे पहिल्या दिवशीच उस्तादाला सांगावे.

दुसरे भय उन्हाचे. मार्च ते जून पळणे सूर्योदयाच्या आसपास उरकावे. पाणी थोडे थोडे प्यावे, घाम फार गेला तर लिंबू, मीठ, साखर घालून. पळता पळता पोर झोकांड्या खाऊ लागले, असंबद्ध बोलू लागले, तर ते उष्माघाताचे लक्षण समजावे. सावलीत निजवून कपडे सैल करावेत आणि अंगावर मिळेल तेवढे गार पाणी ओतून वारा घालावा. गाडी येईपर्यंत आणि गाडीतही अंग गार करीत राहावे. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

घाई नसलेला धावपटू

तुम्ही म्हणाल, इतके सावकाश पळून कोण मोठा झाला? बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात मांडवा गाव आहे. तिथले शेतकऱ्याचे पोर अविनाश साबळे. शाळा लांब, म्हणून लहानपणी रोज चालत-पळत शाळेला जायचे. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. सियाचीनच्या बर्फात राहिले, राजस्थानच्या वाळूत राहिले. शर्यतीचे धावणे त्यांनी २०१५ साली सुरू केले, तेही सैन्यात गेल्यावर. तेव्हा वजन वाढलेले होते, ते उतरवावे लागले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी रौप्यपदक मिळवले, आणि २०२३ साली चीनमध्ये हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेत सुवर्ण. मध्ये सात-आठ वर्षे गेली. थेंबे थेंबे तळे साचते ते असे.

ताई, आता तुमच्या घरातल्या भांडणाचा निवाडा. उद्या पोराला साडेपाचला उठवा, हा कौल त्याच्या वडिलांच्या बाजूने. पण उद्याची धाव अर्ध्या तासाची आणि बोलता बोलता होणारी असू द्या, आणि परत आल्यावर गरम भाकरी-उसळ द्या, हा कौल तुमच्या बाजूने. त्याच्या वडिलांना माझा रामराम सांगा, आणि हेही सांगा की पोर दुखते म्हणाले तर ऐका. मी ऐकले नव्हते.

माझा पुतण्या नंतरच्या तुकडीतून पास होऊन आता पलटणीत आहे. गेल्या खेपेला सुट्टीवर आला तेव्हा गावातली चार पोरे त्याच्याबरोबर कालव्यावर पळायला जात होती. एका सकाळी मीही सायकल काढली. पोरे सारखी पुढे पळू पाहत होती आणि तो मागून ओरडत होता, “हळू! अजून बोलता आले पाहिजे!” मी काही न बोलता मागून सायकल चालवत राहिलो.

तुमचा मुलगा सेंटरात पोचला की एक ओळ जरूर लिहा. वाट पाहतो.